सरपंचबाईंची तिसरी

“किती लेकरं असं इचारलं तर दोन म्हणायचं. तिसरं मेलंच निपजलं. त्याच्या पुढं एक अक्षर बोलायचं न्हाई,” छबुबाईंनी सुनेला पुन्हा एकदा बजावलं.

सत्यशीलाने मान हलवली आणि पोह्यांना फोडणी दिली. गावात ती सरपंच होती, घरात मान हलवणारी सून. गाव कडा नावाच्या बाजारगावापासून फार लांब नाही. नाव सांगून उपयोग नाही, कारण अशी घरं तुमच्या-आमच्या गावातही आहेत. त्या दिवशी गावची जनगणना सुरू व्हायची होती आणि पहिला मान सरपंचांच्या घराचा होता. तिच्या नवऱ्याने, अमरसिंहाने, ओसरीवर सतरंजी टाकून घेतली होती. चार प्रतिष्ठित माणसं बोलावली होती. पुढच्या निवडणुकीचे वारे वाहत होते, तेव्हा फोटो निघाला तर बरंच होतं.

या घरात दोन या आकड्याला एवढी किंमत का होती, ते आधी सांगायला हवं.

आपल्या राज्यात दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. माणसांनी कुटुंब लहान ठेवावं, हा त्यामागचा हेतू. सत्यशीलाला वैष्णवी आणि धनश्री अशा दोन मुली होत्या. घराण्याला मुलगा हवा म्हणून तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले. पोट दिसायला लागलं तेव्हा ती माहेरी, पार सिरसाळ्याकडे गेली, आणि त्याच सुमाराला बातमी आली की गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. अमरसिंह तिला भेटायला माहेरी आला तेव्हा त्याने काही लपवून ठेवलं नाही.

“पोरगा झाला तर खुर्ची बंकटच्या घरला सोडून देऊ,” तो म्हणाला. बंकट हा त्याचा गावातला विरोधक. “खुर्ची परत येती. पण पोरगी झाली, तर तिच्यापायी खुर्ची घालवायची कावून?”

मुलगी झाली. छबुबाई आधीच तिथे येऊन बसल्या होत्या. बाळंतपण घरातच, गावच्या सुईणीच्या हातून झालं, त्यामुळे कुठे कागदावर काही आलं नाही. सत्यशीलाने पोरीला एकदा पाजलं. दुसऱ्यांदा ती रडली तेव्हा छबुबाईंनी तिला लुगड्यात गुंडाळून उचललं आणि जीप गावाकडे निघाली.

गावाबाहेर अमरसिंहाचा माळ होता. त्या माळावर तात्याबा आणि रतनबाई यांचं खोपट. त्यांची थोडी मेंढरं होती, ती मालकाच्या रानात चरायची आणि त्या बदल्यात दोघं मालकाचा गोठा सांभाळायची. रतनबाईला मूलबाळ नव्हतं. छबुबाईंनी पोरगी तिच्या मांडीवर टाकली आणि सांगितलं, “तुझ्या मेलेल्या बहिणीची हाय म्हणून सांग. दुसरं काई तोंडातून निघालं तर खोपट ऱ्हाणार न्हाई.” रतनबाईने धमकी नीट ऐकलीसुद्धा नाही. ती पोरीकडे बघत बसली. तिनेच पोरीचं नाव बबिता ठेवलं.

सत्यशीलाने एकच अट घातली होती, पोरगी डोळ्यांसमोर राहू द्या. गावात परतल्यावर तिच्या छातीवर घट्ट फडकं बांधून छबुबाईंनी तिला प्रचाराला बाहेर काढलं. मेलेलं बाळ झालेली बाई दारोदार हात जोडत फिरते आहे, हे बघून बायकांचे डोळे भरून आले. मतं भरभरून पडली.

पण ती अट तिच्यावरच उलटली. बबिता रतनबाईचं बोट धरून रोज गोठ्यात यायची. तिला बघून सत्यशीलाला कळवळून यायचं, आणि तो कळवळा कुणाला दिसू नये म्हणून ती पोरीवर ओरडायची. ओरडता ओरडता ते ओरडणंच खरं झालं. सगळ्या वाड्या-वस्तीत त्या पोरीला सगळ्यात जास्त कुणी हिडीसफिडीस केलं असेल, तर ते तिच्या आईने. आणि हीच बाई महिला दिनाला शाळेच्या पटांगणात मुली वाचवा म्हणून भाषण करायची. भाषण छान व्हायचं.

तर त्या सकाळी वत्सलाबाई आल्या. शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवरच्या शिक्षिका. मागची जनगणना झाली तेव्हाही या गावाची मोजणी त्यांनीच केली होती. आता निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल काढला आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात किती खोल्या, किती माणसं, कोण किती शिकलं. माणसं चहा पीत ऐकत होती.

मोबाइलमध्ये लिहिणारी बाई बघायला बबिता गोठ्यातून कधी पुढे आली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ओसरीच्या कडेला उभी राहून ती टाचा उंचावून बघत होती.

“ही पण तुमचीच का?” वत्सलाबाईंनी सहज विचारलं. “डोळे अगदी आजींवर गेलेत.”

छबुबाईंचे डोळे घारे होते. गावात तसे डोळे दुसऱ्या कुणाचे नव्हते. सतरंजीवर बसलेल्यांपैकी एकाने खाली बघून चहाचा घोट घेतला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू सत्यशीलाला दिसलं. तो बंकटचा चुलतभाऊ होता.

सत्यशीला उठली आणि तिने पोरीच्या कानशिलात लगावली.

“कितींदा सांगितलं, ओसरीवर पाय ठिवायचा न्हाई म्हणून! गोठ्यातली घाण घेऊन वर येती.”

बबिता रडली नाही. तिने खाली बघितलं. तिच्या शेणाने भरलेल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटला होता. ती वाकली, फ्रॉकच्या घेराने तो ठसा तिने पुसून काढला, आणि मग गोठ्याकडे गेली.

“जिवंत जन्मलेली मुलं किती?” वत्सलाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

“दोन,” सत्यशीला म्हणाली.

अमरसिंह खुशीत हसला आणि पाहुण्यांना पोह्यांचा आग्रह करू लागला.

पुढची घरं दाखवायला सरपंचबाईंनी सोबत जायचं होतं. दोघी गल्लीने निघाल्या. एक घर उघडं, तर दोन घरांना कुलूप. कुठल्या घरचं जोडपं ऊसतोडीला कर्नाटकात, कुठल्या घरची मुलं चाकणच्या कंपनीत. ओट्यांवर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं.

“मागच्या मोजणीला या एका आळीत माझा सबंध दिवस गेला होता,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आज घटकाभरात उरकली. आणि तिकडे पुण्याच्या बाजूला मोजणाऱ्याला दिवस पुरणार नाही. कुठे गाव रिकामं होतंय, कुठे माणसाला पाय ठेवायला जागा नाही. देशात कुठे लेकरं कमी झाली, कुठे अजून जास्त होतायत. हे सगळं बदलतच असतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. पण आपल्या जिल्ह्याचं एक दुखणं आहे, त्याचं वाईट वाटतं. माझ्या वर्गात बघा. बाकावर मुलगेच मुलगे. मुली कुठे गेल्या, असं कुणी विचारत नाही. त्या कुलूप लावून चाकणला गेलेल्या नाहीत.”

वाटेत भेटलेल्या एका म्हातारीने बाईंना आपल्या मुलाचं लग्न जमेना म्हणून सांगितलं. मुलगा तिशी ओलांडून गेला होता आणि लांबच्या कुठल्याशा मुलखातून मुलगी मिळवून देतो म्हणून दलाल मागे लागला होता.

शेवटी दोघी माळावर गेल्या. रतनबाईने घोंगडी अंथरली. बबिता तिच्या पाठीमागे बसली. गालावर बोटं उमटली होती.

“तुम्हाला किती मुलं झाली, बाई?”

“एक बी न्हाई,” रतनबाई म्हणाली.

“मग ही?”

रतनबाई जमिनीकडे बघू लागली. उत्तर बबितानेच दिलं, आणि मोठ्या आनंदाने दिलं.

“मी आईला मेंढरात घावले. कोकरासंगं निजले होते. आईनं उचलून घेतलं.”

“व्हय, तसंच झालं,” रतनबाई म्हणाली. मेलेल्या बहिणीची गोष्ट तिने पोरीला कधी सांगितलीच नव्हती. तिने मान वर करून सत्यशीलाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. तुम्हीच सांगा आता, एवढंच होतं. सत्यशीलाने तोंड फिरवलं.

वत्सलाबाईंनी दोघींकडे बघितलं, पोरीच्या डोळ्यांकडे बघितलं आणि पुढचे प्रश्न विचारले. परतताना माळ उतरून झाल्यावर त्या थांबल्या.

“सरपंचबाई, मी कुणाला काही सांगायला जाणार नाही. माझं काम मोजायचं आहे. पोरगी मोजणीत आली. पण ती तुमच्याकडे आली नाही.”

“बाई, तुमाला म्हाईत न्हाई, आमचा नाइलाज हाय. कायदाच तसा हाय,” सत्यशीला म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती हे बोलत होती, आणि तेही स्वतःची बाजू मांडायला.

“कायदा काय म्हणतो? मुलं कमी होऊ द्या म्हणतो. तो बरा की वाईट, यावर वाद घालता येईल. पण झालेल्या लेकराला नाकारा, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? तुमच्यासमोर दोन वाटा होत्या. तिसरं मूल नको होतं, तर आधी थांबायचं होतं. झालं, तर खुर्ची सोडायची होती. तुम्ही यांतलं काहीच केलं नाही, लेकरू सोडलं. आणि मुलगा असता तर?”

सत्यशीलाला उत्तर ठाऊक होतं.

“मग हा लोकसंख्येचा प्रश्न नव्हता, बाई. कुणाला माणूस म्हणून मोजायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न होता. आणि सकाळी तुम्ही तिला मारलंत ते ओसरी घाण झाली म्हणून नाही. ती तुमच्या घरची दिसते म्हणून.”

सत्यशीला घरी आली तेव्हा अमरसिंह तात्याबाला ओसरीखाली उभं करून बोलत होता. चुलतभावाचं हसू त्यानेही बघितलं होतं.

“उद्या उजाडायच्या आत मेंढरं घेऊन निघायचं. परत इकडं फिरकायचं न्हाई. खोपट मी पाडून टाकतो.”

“मालक, पोरगी आत्ता कुठं शाळंत जायला लागली,” तात्याबा म्हणाला.

“मेंढरं राखायला शाळा लागती व्हय बे?”

तात्याबाने हात जोडले आणि तो गेला. छबुबाई चुलीपाशी निवांत भाकरी थापत होत्या. सत्यशीलाही आत जाऊन पीठ मळायला बसली. निघून जातील तर बरंच, रोजचा जाच तरी संपेल, असा विचार तिच्या मनात आला. खोटं कशाला बोलायचं, तो आला.

वैष्णवी दारात उभी होती. चौदा वर्षांची पोर. तिने ओसरीवरचं बोलणं ऐकलं होतं, सकाळची थप्पडही बघितली होती. बरीच वर्षं तिच्या मनात जे होतं, ते तिने आता विचारलं.

“आई, बबी आमची बहीण हाय ना?”

सत्यशीलाचे हात पिठात थांबले. छबुबाई ओरडल्या, “गप बस, येडे.”

“मी फक्त एक इचारते,” वैष्णवी म्हणाली. ती दारातून हलली नाही. “मी तिसरी आले असते, तर मी कुठं असते?”

छबुबाईंनी तिच्या अंगावर भाकरीचं पीठ फेकलं. सत्यशीलाला ते दिसलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ओसरीवर वाकलेली, फ्रॉकने फरशी पुसणारी पोरगी होती, आणि तिला वैष्णवीचा चेहरा होता. कुठलंही आईपण पोरींच्या अनुक्रमावर ठरत नाही, एवढी साधी गोष्ट तिला इतक्या वर्षांत कळली नव्हती. आणि ती कळवायला तिच्याच पोरीला तिच्यासमोर असं उभं राहावं लागलं होतं!

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई गावच्या शाळेतल्या एका वर्गात बसून राहिलेल्या घरांची कामं करत होत्या. ग्रामसेवक होते, बंकट होता, दाखल्यांसाठी आलेली माणसं होती. सत्यशीला एकटीच आत आली. डोक्यावर पदर नव्हता, पायांत चपला नव्हत्या.

“बाई, माझ्या घराचं लिहिलेलं चुकलंय. दुरुस्त करा. मला तीन लेकरं झाली. तिन्ही जित्ती हायत. तिसरीचं नाव बबिता.”

बंकटने पहिल्यांदा आश्चर्याने बघितलं, मग खिशातून फोन काढला आणि बाहेर पळाला. त्याला पोरीशी काही देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी त्याच्या दारात फटाके वाजले.

अमरसिंहाने बायकोला भर चौकातून दंडाला धरून घरी नेलं. दार लावून मारलं. “पोरगा तर देता आला न्हाई, आता खुर्ची बी घालवली,” तो म्हणत होता. छबुबाई दाराबाहेर बसून होत्या. त्यांनी आवाज ऐकला आणि जपमाळ हातात घेतली. पुढे चौकशी झाली, सरपंचपद गेलं. अमरसिंह अजूनही लोकांना सांगतो की बायको भ्रमिष्ट झाली.

मार खाल्ला त्याच्या पुढच्या सकाळी सत्यशीला वैष्णवीला घेऊन एसटीने कड्याला गेली. मेंढरं त्याच बाजूला गेल्याचं कळलं होतं. साखर कारखान्याच्या पलीकडे तोडणी झालेल्या उसाच्या रानात मेंढरं बसली होती. रतनबाईने तीन दगडांवर चहा ठेवला होता. बबिता चुलीसाठी उसाचं वाळलेलं पाचट गोळा करत होती. तिने सत्यशीलाला लांबून येताना बघितलं आणि हातातलं सगळं टाकून ती रतनबाईच्या मागे लपली.

“मालकीण आली. आई, मला मारील. मी काईच केलं न्हाई.”

सत्यशीला जागच्या जागी खाली बसली. जवळ जायची हिंमत होईना.

“बबे, मी तुला न्यायला आले. मीच तुझी आई हाय गं.”

“माझी आई ही हाय,” बबिता म्हणाली आणि रतनबाईच्या पदराला तिने दोन्ही हातांनी धरलं.

“ती लहान हाय, तिला काय कळतं,” सत्यशीला रतनबाईकडे वळून म्हणाली. “तू सांग तिला. मी आता सगळ्यांसमोर कबूल केलंय. आता तिला घरी न्यायला कुणी आडवं येणार न्हाई.”

रतनबाईने चहा खाली उतरवला. तिने आयुष्यात मालकिणीला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. आताही तिचा आवाज चढला नाही.

“तुमी दिली तवा मला इचारलं न्हाई. माळावरनं हाकललं तवा इचारलं न्हाई. आता न्यायला आला, तवा बी इचारत न्हाई. गोवर आला तवा उशाला मी बसलते. शाळंत नाव घालायला मी गेलते. तुमी तिला जन्म दिला, व्हय. पण तुमच्या घरी ती येत होती तवा तिला ओसरीवर सुदीक उभं ऱ्हाता येत नव्हतं. तिकडं नेऊन तुमी तिला कुठं निजवणार?”

सत्यशीलाच्या घरात जे चाललं होतं, ते तिच्या सुजलेल्या तोंडावर दिसतच होतं.

वैष्णवी पुढे झाली. ती बबिताजवळ गेली आणि तिच्याबरोबर पाचट गोळा करू लागली. बबिता थोडा वेळ बघत राहिली, मग तीही लागली. सत्यशीलाकडे मात्र तिने पाठ ठेवली. रतनबाईने चहाचे पेले भरले, एक पेला सत्यशीलापुढे ठेवला. तिने तो प्यायला. मुलीला न घेता ती परत आली.

आता तात्याबाने कड्याजवळच दुसऱ्याच्या रानात खोपट टाकलं आहे. वत्सलाबाईंनी खटपट करून बबिताचं नाव तिथल्या शाळेत घातलं. सत्यशीला बाजाराच्या दिवशी तिकडे जाते, तासभर बसते आणि येते. बबिता वैष्णवीला ताई म्हणते. सत्यशीलाला अजून मालकीण म्हणते, आणि तिचा हात वर गेला की डोकं आत ओढून घेते, मग तो हात डोक्यावरचा पदर नीट करायला का गेलेला असेना.

मित्रहो, आपला देश वाढतो आहे की घटतो आहे, कुठला मुलूख भरला आणि कुठला ओस पडला, याची चर्चा शहाण्या माणसांनी खुशाल करावी, केलीच पाहिजे. कुटुंब लहान असावं, हेही खरं. पण किती मुलं हवीत, हा विचार मूल पोटात येण्याआधी करायचा असतो. मूल आल्यावर करायची गोष्ट एकच, त्याला आपलं म्हणायचं. ते पहिलं असो की तिसरं, मुलगा असो की मुलगी. खुर्चीसाठी, वंशासाठी किंवा लोकांच्या तोंडासाठी ज्याने आपल्या घरातलं एक माणूस मोजणीतून गाळलं, त्याने देशाची लोकसंख्या कमी केली नाही. त्याने एका लेकराचं घर नाहीसं केलं, आणि पुढे कितीही खरं बोललं तरी ते घर त्याला परत बांधता येत नाही. सत्यशीलाला हे कळलं, पण उशिरा कळलं. आपल्याला वेळेवर कळावं.